लग्न लागलं, पण कायद्याच्या लेखी कधी?

वडोदऱ्यातल्या मराठी लग्नात मांडव भरून माणसं असतात ती मंगलाष्टकांना. दांडिया बाजारातली जुनी वाडी असो की शहराबाहेरचा पार्टी प्लॉट, शेवटचं 'सावधान' झालं, अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या आणि वाजंत्री सुरू झाली की मंडळी म्हणतात, "चला, लग्न लागलं," आणि पंगतीकडे वळतात. होम पेटतो तेव्हा घरचे आणि भटजी एवढेच मांडवात उरतात. सप्तपदीच्या वेळी फोटोग्राफरही बहुधा जेवत असतो.

कायद्याचं लक्ष मात्र अंतरपाटाकडे नसतं. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम ७ सांगतं की वर आणि वधू यांपैकी कोणाच्याही घरच्या रूढीप्रमाणे विधी झाले तरी चालतील. पण त्या विधींत सप्तपदी असेल, तर सातवं पाऊल पडलं की लग्न पुरं झालं आणि दोघं बांधली गेली. म्हणजे जे पाऊल बघायला मांडवात कोणी थांबत नाही, कायदा नेमकं तेच विचारतो.

याच्या नेमका उलटा समज आपल्या शहरात हल्ली फार पसरला आहे. मुलगा कॅनडाला किंवा ऑस्ट्रेलियाला, व्हिसाची फाइल लावायची घाई, लग्नाचा मुहूर्त डिसेंबरातला. मग दोन्हीकडचे वडीलधारे म्हणतात, "आधी सर्टिफिकेट काढून घेऊ, विधी मागाहून करू." हे मी इतक्या घरांत ऐकलं आहे की त्यात काही चुकतंय असं कोणाला वाटतही नाही. एप्रिल २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर असंच एक प्रकरण आलं. दोघंही वैमानिक, साखरपुडा झालेला, एका संस्थेकडून लग्नाचा दाखला घेऊन नोंदणीही केलेली, प्रत्यक्ष लग्नाची तारीख पुढची. मधल्या काळात बिनसलं. कोर्टाने सांगितलं की विधीच झाले नसतील तर हिंदू विवाह झालेलाच नाही, आणि न झालेल्या लग्नाचा दाखला निरर्थक आहे. उलट बाजूही तितकीच खरी: विधी रीतसर झाले आणि नोंद राहून गेली, तर लग्न मोडत नाही. त्याच कायद्याच्या कलम ८ मध्ये तसं स्पष्ट लिहिलं आहे.

पण हेच जोडपं स्पेशल मॅरेज कायद्याखाली रजिस्ट्रारसमोर उभं राहिलं असतं, तर होम नाही, सप्तपदी नाही, तिथल्या तिथे लग्न लागलं असतं. एकाच शहरात, एकाच दिवशी लग्न लागण्याच्या या दोन वेगळ्या व्याख्या. त्या आल्या कुठून, हे समजायला इंग्रजी अमदानीत जावं लागतं; आणि वडोदऱ्याच्या बाबतीत इंग्रजांबरोबर गायकवाडांकडेही.

कायदा कोणासाठी केला, कोणासाठी नाही

इंग्लंडमध्ये चोरून होणाऱ्या लग्नांना आळा घालायला १७५३ साली कायदा झाला होता. चर्चमध्ये आधी जाहीर पुकारा, मग पाद्री, साक्षीदार आणि वहीत सह्या. १८३६ साली चर्चच्या जोडीला सरकारी रजिस्ट्रार आला. त्यामुळे इथे आलेल्या इंग्रज अंमलदाराच्या डोक्यात लग्नाचं चित्र ठरलेलं होतं: अधिकार असलेला माणूस, साक्षीदार आणि रजिस्टर.

हिंदुस्थानात त्याला यातलं काहीच दिसलं नाही. हिंदूंचा विवाह संस्कार होता, मुसलमानांचा निकाह करार होता, आणि दोन्हींत सरकारचा संबंध नव्हता. वॉरन हेस्टिंग्जने १७७२ मध्येच ठरवलं होतं की लग्न, वारसा, जात यांचे तंटे हिंदूंच्या बाबतीत शास्त्राप्रमाणे आणि मुसलमानांच्या बाबतीत कुराणाप्रमाणे सोडवायचे. मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनच्या वेळचं १८२७ चं रेग्युलेशन एक पाऊल पुढे गेलं. तिथे आधी रूढी बघायची, मग शास्त्र. त्यासाठी बोराडेल नावाच्या अधिकाऱ्याने गुजरातेत जातीजातींचे रिवाज विचारून लिहून घेतले, स्टीलने दख्खनमध्ये तेच केलं. शास्त्रग्रंथांत गुजरातेत मान होता तो नीलकंठभट्टाच्या 'व्यवहारमयूखा'ला. भट्टांचं हे घराणं काशीत गाजलं, पण मूळ आपल्या पैठणचं. गुजरातेतल्या घरांचे वाद पैठणकरांच्या वंशजाच्या ग्रंथावरून सुटायचे.

१८५७ नंतर राणीच्या जाहीरनाम्यात धर्मात हात न घालण्याचं वचन दिलं गेलं. तेव्हा हिंदू लग्न कसं लावावं, कोणत्या वहीत लिहावं, यावर इंग्रजांनी संपूर्ण राजवटीत सर्वसाधारण कायदा केलाच नाही. मुसलमानांच्या बाबतीत १८६४ साली सरकारी काझींची पदं बंद केली. लोकांची अडचण झाली तेव्हा १८८० च्या काझी कायद्याने स्थानिक मुसलमानांनी मागणी केली तर काझी नेमण्याची सोय केली, पण काझी हजर नव्हता म्हणून निकाह रद्द ठरणार नाही हेही त्यातच लिहून ठेवलं.

कायदे झाले ते ज्यांच्याकडे इंग्रजांच्या नजरेत कायदा नव्हता, किंवा ज्यांनी स्वतः मागितला, त्यांच्यासाठी. पारशांनी मागितला. १८५५ पासून त्यांची लॉ असोसिएशन खटपट करत होती आणि १८६५ मध्ये पारशी विवाह आणि घटस्फोट कायदा आला: मोबेदाने, म्हणजे पारशी धर्मगुरूने, आशीर्वादाचा विधी करायचा, दोन पारशी साक्षीदार हवेत, लागलीच दाखला करून नोंद करायची. आज त्याची जागा १९३६ च्या कायद्याने घेतली आहे. ख्रिस्ती लोकांसाठीचा १८७२ चा कायदा मात्र अजूनही चालू आहे. लग्न सकाळी सहा ते संध्याकाळी सात यांच्यामध्येच लावायचं, ही त्यातली अट इंग्लंडमधल्या चोरट्या लग्नांच्या भीतीतून आलेली.

'मी हिंदू नाही' असं लिहून द्या

१८७२ चाच दुसरा एक कायदा आपल्या विषयाचा गाभा आहे, म्हणून त्यावर जरा रेंगाळतो.

बंगालमध्ये केशवचंद्र सेन यांच्या पुढाकाराने ब्राह्मो समाजाची मंडळी मूर्तिपूजा आणि होमाशिवाय, जातीबाहेर लग्नं लावू लागली. ही लग्नं कोर्टात टिकतील का? शास्त्राप्रमाणे विधी नाहीत आणि रूढीही जुनी नाही, तेव्हा उत्तर 'बहुधा नाही' असं होतं. केशवचंद्रांनी सरकारकडे कायदा मागितला. समाजाच्या जुन्या शाखेने, आदि ब्राह्मो समाजाने, हरकत घेतली की आम्ही हिंदूच आहोत, आम्हाला वेगळं काढू नका. सनातनी हिंदू म्हणाले, आमच्या नावाखाली हे नको. सगळ्यांची समजूत काढता काढता सरकारने जो कायदा केला तो कोणाचंच नाव न घेणारा होता: १८७२ चा तिसरा कायदा, स्पेशल मॅरेज ॲक्ट.

त्याच्या शेवटी एक नमुना जोडलेला होता. वर आणि वधू दोघांनी त्यावर सही करायची. मी सध्या अविवाहित आहे. मी ख्रिस्ती, यहुदी, हिंदू, मुसलमान, पारशी, बौद्ध, शीख किंवा जैन धर्म पाळत नाही. माझं वय पुरं झालं आहे (मुलाला अठरा, मुलीला चौदा). आम्ही निषिद्ध नात्यातले नाही. एकवीस पुरी नसतील तर वडिलांची किंवा पालकांची संमती आहे. आणि शेवटी: यातलं काही खोटं असेल तर कैद आणि दंड होऊ शकतो हे मला ठाऊक आहे. त्याआधी रजिस्ट्रारला नोटीस द्यायची, चौदा दिवस थांबायचं, आणि मग तीन साक्षीदारांच्या देखत कोणत्याही पद्धतीने लग्न लावायचं; फक्त एकमेकांना ऐकू जाईल असं म्हणायचं की मी अमुक, तुला तमुकला, माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो. वधूने तेच पतीबद्दल.

दुसऱ्या वाक्यावर थांबा. ब्राह्मण मुलाला मराठा मुलीशी लग्न करायचं आहे, दोघं गणपती बसवतात, दोघं वारीला जातात. पण कायदेशीर लग्न हवं तर 'मी हिंदू नाही' असं शपथेवर लिहून द्यायचं. हिंदू म्हणून लग्न लावायला जावं तर शास्त्रात वर्णाबाहेरच्या लग्नाला आडकाठी. मुंबई हायकोर्टाने १९२२ मध्ये वरच्या वर्णाचा पुरुष आणि खालच्या वर्णाची स्त्री एवढं चालवून घेतलं, त्याच्या उलट नाही. ज्या सरकारने धर्मात हात न घालण्याचं वचन दिलं होतं, त्याच सरकारचा कागद माणसाला धर्म नाकारायला लावत होता. मला हा त्या काळातला सगळ्यात अन्यायाचा कागद वाटतो.

त्याविरुद्ध प्रयत्न झाले. आपल्या शेजारच्या करमसदचे विठ्ठलभाई पटेल यांनी १९१८ मध्ये आंतरजातीय हिंदू विवाहांना मान्यता देणारं बिल आणलं, ते पास झालं नाही. १९२३ साली हरिसिंग गौर यांना थोडं यश आलं. हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांना आपापसांत धर्म न नाकारता या कायद्याखाली लग्न करता येऊ लागलं. पण किंमत होती: असं लग्न केलेला माणूस एकत्र कुटुंबातून कायद्याने वेगळा झाला असं धरलं जाई आणि त्याच्या मालमत्तेला हिंदू वारसा कायदा लागू होत नसे. १५ एप्रिल १९४८ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि डॉ. शारदा कबीर यांचं दिल्लीत लग्न झालं तेही नोंदणी पद्धतीने. वर्णजातीबाहेरच्या हिंदू लग्नांना, ती विधीने लावली तरी, पूर्ण मान्यता मिळाली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्याने.

या कायद्याचा वडोदऱ्याशी आलेला संबंध दूरचा, पण विलक्षण आहे. केशवचंद्रांनी मुलीचं किमान वय चौदा करून घेतलं, आणि १८७८ मध्ये त्यांच्याच मुलीचं, सुनीतिदेवींचं, लग्न कुचबिहारच्या राजाशी झालं तेव्हा तिला चौदा पुरी नव्हती आणि नवऱ्याला अठरा नव्हती. कुचबिहार संस्थान होतं, तिथे इंग्रजी कायदा चालत नव्हता. ब्राह्मो समाज यावरून फुटला. याच सुनीतिदेवींचा मुलगा जितेंद्र नारायण. सयाजीराव महाराजांची कन्या इंदिराराजे यांचं लग्न ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलं होतं. त्यांनी ते स्वतः मोडलं आणि १९१३ मध्ये लंडनला जितेंद्र नारायण यांच्याशी लग्न केलं. आईवडील त्या लग्नाला गेले नाहीत. आपल्या प्रजेसाठी इतके सुधारणेचे कायदे करणाऱ्या महाराजांना हे सोपं गेलं नाही.

गायकवाडीची वेगळी वाट

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, नाहीतर आजी-आजोबांच्या काळाचा हिशेब चुकतो. वडोदरा ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हतं. कलकत्त्याला किंवा मुंबईला झालेला कायदा इथे आपोआप लागू होत नसे. छावणीत इंग्रजांच्या रेसिडेंटचा अंमल, आणि शहरात, नवसारीत, कडीत, अमरेलीत महाराजांचा. अपवाद होते: १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यात लिहिलं होतं की राणीची ख्रिस्ती प्रजा देशी संस्थानांत राहत असली तरी तिला तो लागू. पण रावपुऱ्यातल्या हिंदू घराला मात्र संस्थानाचाच कायदा, ज्याला तेव्हा 'निबंध' म्हणत.

आणि हे निबंध इंग्रजांच्या पुढे होते. १९०४ साली बालविवाह प्रतिबंधक निबंध आला: मुलगी बाराच्या खाली नको, मुलगा सोळाच्या खाली नको. म्हैसूर संस्थानाने त्याआधी १८९४ मध्ये असा कायदा केला होता, पण इंग्रजी मुलखात हिंदू लग्नाला किमान वय नव्हतंच. तिथे १८९१ मध्ये वाद पेटला होता तो संमतिवयाचा, म्हणजे मुलीशी शरीरसंबंधासाठीचं किमान वय दहाचं बारा करण्याचा, आणि तेवढ्यानेही पुण्यात केवढं वादळ उठलं होतं. त्याच सुमाराचा रखमाबाईंचा खटला आठवा. अकराव्या वर्षी लग्न लावलेली मुलगी मोठी होऊन नांदायला नकार देते, आणि १८८७ मध्ये मुंबईचं कोर्ट तिला सांगतं की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. लग्न लागलं ते हिंदू रूढीने, आणि नांदायला जाण्याची सक्ती इंग्लंडच्या चर्च कोर्टांतून आलेल्या उपायाने. दोन्हीकडचं कडक तेवढंच तिच्या वाट्याला आलं. पुढच्या वर्षी तडजोडीने ती सुटली.

गायकवाडीतला निबंध कागदावर राहिला नाही, दंड झाले, पुष्कळांना झाले. पण दंड भरून लोक लग्नं लावतच राहिले; तो लग्नाच्या खर्चात धरला जाऊ लागला. इंग्रजांच्या बालविवाहविरोधी शारदा कायद्याचंही तेच झालं. १ एप्रिल १९३० पासून ब्रिटिश मुलखात मुलीला चौदा आणि मुलाला अठरा ही वयं आली, तर त्याआधीच्या महिन्यांत घाईघाईने लहान मुलांची लग्नं उरकली गेली. लग्न लावणाऱ्याला शिक्षा, पण लागलेलं लग्न कायम, असा तो कायदा होता. मुलीला त्यातून बाहेर पडायला वाट नव्हती.

१९१५ चा पुरोहित निबंध मला सगळ्यात आवडतो. पौरोहित्य करायचं तर परीक्षा दिलेली हवी, आणि लग्नात जे मंत्र म्हणाल त्यांचा अर्थ वधू-वरांना त्यांच्या भाषेत सांगायचा. जिच्या नावाने संकल्प सोडला जातो तिला तो कळला पाहिजे, असं एक सरकार कायद्याने म्हणतं. इंग्रजांनी लग्नाला साक्षीदार आणि वही दिली. लग्न लागताना माणसाला काय चाललंय ते समजावं, हा विचार वडोदऱ्यात झाला. आजही भटजींना आधी सांगून ठेवलं की सप्तपदीच्या सात वाक्यांचा अर्थ मराठीत सांगा, तर ते आनंदाने सांगतात.

घटस्फोटाचंही तसंच. १९३१ मध्ये संस्थानाने हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. मुंबई प्रांतातल्या हिंदू स्त्रीला हा हक्क मिळाला १९४७ मध्ये, आणि नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाला तिथे बंदी आली ती १९४६ मध्ये. १ मे १९४९ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि पुढे मुंबईचे कायदे लागू झाले.

पाट लावला, घर गेलं

विधवाविवाहाची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण इथे चांगल्या हेतूचा कायदा गरिबांवर उलटला. १८५६ च्या कायद्याने हिंदू विधवेचं पुनर्लग्न वैध ठरवलं. कुमारिकेच्या लग्नात जे विधी, तेच तिच्या लग्नाला पुरेत असंही लिहिलं. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं ते याच आधारावर. पण कलम २ म्हणत होतं की पुनर्लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क गेला.

आता कुणबी, माळी, धनगर अशा कितीतरी जातींत पाट लावायची रीत पूर्वापार होती. त्यांना १८५६ च्या परवानगीची गरजच नव्हती. त्यांच्या विधवेचा हक्क या कलमाने जावा का? अलाहाबादचं हायकोर्ट म्हणालं, जिथे रूढीनेच मुभा होती तिथे हे कलम लागत नाही. मुंबईचं म्हणालं, लागतं. म्हणजे ज्यांच्याकडे आधीपासून सोय होती त्यांच्या बायका कायद्यामुळे गमावून बसल्या, आणि ज्यांच्याकडे नव्हती त्यांच्यातल्या फार थोड्या त्याचा उपयोग करू शकल्या.

आजच्या कागदात काय उरलंय

१९५४ च्या स्पेशल मॅरेज कायद्याने 'मी हिंदू नाही' हे वाक्य काढून टाकलं. आता कोणत्याही धर्माची दोघं आपापला धर्म ठेवून लग्न करू शकतात. पण सांगाडा १८७२ चाच आहे. तीन साक्षीदार, तेच एकमेकांना म्हणायचं वाक्य, आणि नोटीस. नोटिशीची मुदत तर चौदा दिवसांवरून तीस झाली. ती रजिस्ट्रारच्या कचेरीत लागते, नावं, वयं, पत्त्यांसकट, आणि कोणीही येऊन हरकत घेऊ शकतो. चर्चमधल्या पुकाऱ्याची ही कल्पना मुळात फसवणूक टाळायला होती. आपल्याकडे ती घरच्यांच्या विरोधात उभ्या राहिलेल्या मुलीचा पत्ता भिंतीवर लावते. हिंदू पद्धतीने लग्न करणाऱ्याला अशी नोटीस लागत नाही, मग दोन धर्मांच्या जोडप्यालाच का? अलाहाबाद हायकोर्टाने जानेवारी २०२१ मध्ये नोटीस लावणं जोडप्याच्या इच्छेवर सोडलं, पण कायद्यातलं कलम तसंच आहे. ते जायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

एकत्र कुटुंबातून वेगळं होण्याचा १९२३ चा नियमही उरला आहे. १९७६ च्या दुरुस्तीनंतर दोघंही हिंदू असतील तर तो लागत नाही. जोडीदार दुसऱ्या धर्माचा असेल तर लागतो, आणि वारसाही भारतीय वारसा कायद्याप्रमाणे जातो. सही करण्याआधी वडिलोपार्जित घराबद्दल वकिलाला एकदा विचारून घ्यावं.

हिंदू लग्नाची नोंद आपल्याकडे आता गुजरातच्या २००६ च्या कायद्याखाली होते. सुप्रीम कोर्टाने त्याच वर्षी फेब्रुवारीत सगळ्या धर्मांच्या लग्नांची नोंद सक्तीची करा असं राज्यांना सांगितलं, त्यातून तो आला. त्याआधी मुंबई राज्याचा १९५३ चा कायदा होता. शहरात महानगरपालिका, गावात तलाठी. लग्नापासून तीस दिवसांत फॉर्म द्यायचा, त्यावर वधू-वर, साक्षीदार आणि लग्न लावणारे भटजी यांच्या सह्या लागतात. भटजींची सही लग्नाच्या दिवशी वाडीतच घेऊन टाकावी. मागाहून त्यांना गाठणं जड जातं.

आता १८७२ चा तिसरा धागा. त्याच वर्षी पुराव्याचा कायदा झाला. त्याचं कलम ५० सांगत होतं की दोन माणसांचं नातं काय आहे हे ठरवताना, त्यांना जवळून ओळखणारे त्यांना नवरा-बायको म्हणून वागवत होते का हे बघता येईल. पण पुढेच अट होती: दुसऱ्या लग्नाच्या फौजदारी खटल्यात एवढा पुरावा पुरणार नाही. त्याच्या जागी आलेल्या नव्या साक्ष्य अधिनियमातही हे तसंच ठेवलं आहे. याचा अर्थ फार खोल जातो. वारसा किंवा पेन्शन मागणाऱ्या बाईला लोकांनी तिला बायको मानल्याचा उपयोग होतो. नवऱ्याने दुसरं लग्न केलं म्हणून फिर्याद करणाऱ्या बाईला मात्र त्या दुसऱ्या लग्नातला विधी न् विधी सिद्ध करावा लागतो. १९६५ चा भाऊराव लोखंडे खटला हाच. नवऱ्याने दुसरं लग्न गांधर्व पद्धतीने केलं होतं. होम आणि सप्तपदी झाल्याचा पुरावा नाही, त्यांच्याशिवाय लग्न होण्याची रूढीही सिद्ध नाही, म्हणून सुप्रीम कोर्टाने शिक्षा रद्द केली. दुसरं लग्न अर्धवट विधींनी उरकणाऱ्या नवऱ्याला त्या अर्धवटपणाचाच फायदा मिळाला.

आमच्या ओळखीतल्या एका काकूंना नवऱ्यामागे फॅमिली पेन्शनसाठी लग्नाचा पुरावा मागितला गेला. लग्न साठच्या दशकातलं, नोंद नाही, भटजी केव्हाच गेलेले. ट्रंकेतून निघाली लग्नपत्रिका, एक पिवळा पडलेला ग्रुप फोटो, आणि आहेराची वही. वहीत सासऱ्यांच्या अक्षरात ओळीने लिहिलेलं: कोणी पितळी पातेलं, कोणी पाच रुपये, कोणी खण-नारळ, वर तिथी, तारीख आणि दोघांची नावं. ती वही, पत्रिका आणि शेजारच्या दोघा वृद्धांचे सोगंदनामे (प्रतिज्ञापत्रं), यांवर काम झालं. घराघरांतल्या अशा वह्या जपून ठेवायला हव्यात. भिजल्या असतील तर निदान मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत.

पण वहीवर विसंबण्यापेक्षा चांगली वाट आहे. स्पेशल मॅरेज कायद्याच्या कलम १५ खाली कुठल्याही पद्धतीने आधी लागलेल्या लग्नाचीही नोंद होते. विधी झालेला असावा, तेव्हापासून दोघं एकत्र राहत असावीत, जिल्ह्यात तीस दिवसांचा रहिवास असावा, दोघांची एकवीस पुरी असावीत. आपल्या आई-वडिलांना किंवा आजी-आजोबांना यातलं काहीच अवघड नाही. अर्जावर सही मात्र दोघांची लागते, आणि रजिस्ट्रारसमोर तीन साक्षीदारांसह दोघांनाही जावं लागतं. तेव्हा घरात असं जुनं लग्न बिननोंदीचं असेल, तर दोघंही हिंडतीफिरती आहेत तोवर त्यांना घेऊन जा.